मातीतला पत्ता : खापरखवल्या सापांच्या वर्गीकरणाची गोष्ट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर मुलुंडच्या शाळेत भूगोल शिकवीत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर सापांच्या वर्गीकरणावर बोलायचे ठरवले तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांना विषय थोडा आडवळणाचा वाटला होता. मला तसे वाटत नाही. आज ज्या सापांविषयी बोलणार आहे त्यांचे वर्गीकरण करताना दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा एकच प्रश्न आडवा आला : हा साप सापडला नेमका कुठे? सरांच्या विषयाला शोभेल असाच हा प्रश्न आहे.

साप आपल्या ओळखीचा आहे, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. मुलुंडहून येऊरकडे जा किंवा पलीकडून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरा; पावसाळ्यात पायवाटेवर, पालापाचोळ्याखाली, कधी डांबरी रस्त्यावर वीतभर लांबीचा, करंगळीएवढा जाड, काळपट तपकिरी आणि विलक्षण चकचकीत असा एक जीव दिसतो. उन्हाची तिरीप पडली की त्याच्या अंगावर निळ्या-जांभळ्या छटा खेळतात. डोके निमुळते, डोळे मोहरीपेक्षाही लहान. शेपटी मात्र तिरकी छाटल्यासारखी थोटी, आणि तिच्या टोकाला मातीचा थर. बहुतेक लोक त्याला वाळा म्हणतात, कोणी मांडुळाचे पिल्लू म्हणतात, कोणी देवगांडूळ. तोंड कोणते नि शेपूट कोणते हे पटकन कळत नाही, म्हणून दुतोंड्याही म्हणतात. यांतले एकही नाव त्याचे नव्हे. तो खापरखवल्या. त्याच्या शेपटीच्या टोकावरचे खवले जाड, खडबडीत आणि खापरासारखे असतात, म्हणून हे नाव.

सापांच्या जगात खापरखवल्यांचे कुळ लहान. शास्त्रीय नाव युरोपेल्टिडी. साठेक जाती, सातआठ प्रजाती, आणि हे सगळे कुळ जगात दोनच ठिकाणी : दक्षिण भारताचे द्वीपकल्प आणि श्रीलंका. शाळेत शिकलेली उतरंड इथे एकदा आठवू या : कुळाच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती. हल्ली वर्तमानपत्रांत जातीलाच प्रजाती म्हणतात. मी जुन्या पाठ्यपुस्तकांची रीत पाळणार आहे. भारतातल्या बहुतेक जाती सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या भागात, म्हणजे केरळ, तामिळनाडू आणि दक्षिण कर्नाटकात आहेत. आपल्याकडे, उत्तर टोकाला, संख्या रोडावत जाते. तरीही महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या जाती वर्गीकरणाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत.

हे साप बिनविषारी आहेत. माणसाला चावल्याचे ऐकिवात नाही; हातात घेतला तर तो बोटाभोवती घट्ट वेटोळे घालतो आणि डोके बोटांच्या फटीत खुपसायला बघतो. अन्न मुख्यतः गांडुळे. अंडी बाहेर न घालता तो पोटातच वाढवतो आणि मोजक्या पिल्लांना जन्म देतो. आयुष्य ओलसर मातीत जाते. पावसाने बिळे भरली की वर येतो, आणि नेमका तेव्हाच चाकाखाली किंवा काठीखाली सापडतो.

त्याच्या शरीराकडे थोडे जवळून पाहू, कारण वर्गीकरणाचा सगळा पेच या शरीरात आहे. शेपटीचे टोक भिंगाखाली धरले तर प्रत्येक खवल्यावर दोन-तीन बारीक कंगोरे दिसतात. त्या कंगोऱ्यांत माती अडकते, तिचा घट्ट बुचासारखा गोळा होतो आणि साप पुढे सरकला की मागे बिळाचे तोंड याच गोळ्याने बंद होते. मुंगूस किंवा रानडुक्कर उकरायला लागले तर त्यांच्या वाट्याला आधी ही मातीची ढाल येते. उघड्यावर सापडला तर खापरखवल्या डोके अंगाखाली दडवतो आणि शेपटी पुढे करतो. शत्रूने पहिला घाव शेपटीवर घालावा, अशी ही सोय. म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांच्या शेपट्यांवर अशा घावांचे व्रण दिसतात.

पुढचा भाग त्याहून नवलाचा. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ कार्ल गान्स यांनी या सापांवर वर्षानुवर्षे काम केले. १९७८ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. त्यात त्यांनी दाखवले की खापरखवल्याच्या शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू लालभडक असतात. त्यांत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन भरपूर असते, ऊर्जा तयार करणारे पेशींतले घटकही भरपूर. मागच्या भागातले स्नायू मात्र फिकट आणि त्या मानाने दुबळे. बीळ खणण्याचे सगळे काम पुढचा भाग करतो. कातडीच्या आत पाठीचा कणा नागमोडी वळतो, त्यामुळे तेवढा भाग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट टेकतो. तिथे आधार घेऊन डोके पुढे रेटले जाते, मग कणा सरळ होतो आणि उरलेले अंग ओढले जाते. गान्स यांनी याला मालगाडीची उपमा दिली होती : इंजिन पुढे, डबे मागे. घाटकोपरच्या फलाटावर उभे राहून मालगाडी जाताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

आता पेच. वर्गीकरण करणारा प्राण्याची वैशिष्ट्ये बघतो आणि साम्यावरून नाते ठरवतो. पण साम्य दोन प्रकारे येते. एक वारशाने, म्हणजे पूर्वज एक म्हणून. दुसरे कामाने, म्हणजे दोघांनाही तेच काम करावे लागते म्हणून. मातीत खणणारा प्राणी कोणत्याही घराण्यातला असो, त्याचे डोके निमुळते होते, डोळे बारीक होतात, कवटीची हाडे घट्ट जुळतात, पोटाखालचे रुंद खवले अरुंद होतात, शेपटी आखूड होते. मातीपुढे फारसे पर्याय नसतात. म्हणून खणणाऱ्या सापांमध्ये जे डोळ्यांत भरते तेच सगळ्यात कमी विश्वासार्ह ठरते. सुरुवातीच्या अभ्यासकांनी यांतल्या काहींना वाळ्यांच्या गटाशी जोडले, ते यामुळेच. वाळा आणि खापरखवल्या हे सापांच्या वंशवृक्षावर एकमेकांपासून फार दूर आहेत.

याचे एक ताजे उदाहरण सह्याद्रीतलेच. दक्षिण सह्याद्रीत झायलोफिस नावाचे छोटे, मातीत राहणारे साप आहेत. त्यांना कोणत्या घराण्यात बसवावे हे दीर्घकाळ ठरत नव्हते. २०१८ साली व्ही. दीपक, सारा रुएन आणि डेव्हिड गोवर यांनी त्यांचा डीएनए तपासला. निघाले काय, तर त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आग्नेय आशियातले गोगलगाई खाणारे साप! बाह्यरूपावरून तसा अंदाज बांधणे अवघड होते. झायलोफिससाठी एक वेगळे उपकुळ निर्माण करावे लागले.

खापरखवल्यांचा इतिहास मात्र डीएनएच्या फार आधी सुरू होतो. फ्रान्समध्ये जॉर्ज कुव्हिए यांनी १८२९ साली युरोपेल्टिस ही प्रजाती स्थापन केली. तिच्यात त्यांनी ज्या जाती घातल्या त्यांपैकी एकीला सिलोनचे नाव दिले, दुसरीला फिलिपाइन्सचे. पुढे उलगडा झाला तो असा : 'सिलोनी' साप श्रीलंकेत नाहीच, तो आपल्या सह्याद्रीतला. आणि श्रीलंकेतला एक मोठा खापरखवल्या फिलिपाइन्सचे नाव घेऊन शतकाहून अधिक काळ पुस्तकांत वावरला; फिलिपाइन्समध्ये मात्र या कुळाचा एकही साप नाही. कुळाच्या पायाभरणीतच पत्ता चुकला.

त्या काळात प्राण्यांचे नमुने कसे प्रवास करीत हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य वाटत नाही. दारूच्या अर्कात बुडवलेला साप बरणीत घालून बंदरात जाई, तिथून जहाजाने युरोपात. मध्ये किती हात बदलत कोण जाणे. पकडणाऱ्याला ठिकाण ठाऊक असे, वर्णन करणाऱ्याला फक्त चिठ्ठी. आणि नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम असा की रीतसर दिलेले नाव केवळ अर्थाने चुकीचे आहे म्हणून बदलता येत नाही. त्यामुळे युरोपेल्टिस सिलॅनिका हा सह्याद्रीतला साप आजही सिलोनी आहे. हा नियम मला योग्य वाटतो. प्रत्येक पिढीने नावे दुरुस्त करायला घेतली तर जुने लिखाण वाचताच येणार नाही. पण त्याची किंमत ही, की नावावर विश्वास ठेवून नकाशा काढायचा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र सुधारले, ते मुख्यतः एका माणसामुळे. रिचर्ड हेन्री बेडम हे मद्रास इलाख्यातले लष्करी अधिकारी, पुढे वनखात्यात गेले. नेचे, मोठी झाडे, गोगलगाई आणि खापरखवल्या या सगळ्यांचा त्यांना ध्यास. खापरखवल्यांच्या ज्या जाती आज मान्य आहेत त्यांतल्या पुष्कळशा बेडम यांनी वर्णन केलेल्या आहेत. ते स्वतः डोंगरात जात, कोणत्या डोंगरात किती उंचीवर साप मिळाला हे लिहीत. म्हणून बेडम यांचे नमुने आजही कामी येतात. बर्लिनमध्ये विल्हेल्म पीटर्स आणि लंडनमध्ये आल्बर्ट गुंथर यांनी त्याच सुमारास मोठे काम केले, पण ते टेबलावर आलेल्या बरण्यांवर अवलंबून होते.

आता आपल्या मुंबईकडे येऊ.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. संस्थापकांमध्ये प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, हे मराठी माणसाने विसरू नये. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाल्या. पुढच्याच वर्षी सोसायटीचा संग्रह फोर्टातल्या एका मद्यविक्रेत्याच्या जागेत हलला. तो मद्यविक्रेता म्हणजे हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन. सोसायटीचे ते पुढे अनेक वर्षे चिटणीस होते. दुकानाच्या आत बरण्या, कातडी, कपाटे, आणि आलागेला माणूस हे सगळे बघू शकत असे. विज्ञानाचा संग्रह लोकांना दिसला पाहिजे ही फिप्सन यांची धारणा पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागापर्यंत पोहोचली.

१८८८ साली जी. ई. मेसन यांनी मुंबई इलाख्यातल्या एका नव्या खापरखवल्याचे वर्णन छापले आणि त्याला फिप्सन यांचे नाव दिले. तेव्हा प्रजातीचे नाव सिलिब्युरा होते. आज तो युरोपेल्टिस फिप्सोनी, म्हणजे फिप्सनचा खापरखवल्या. ओठाच्या कडेने मानेपर्यंत गेलेला पिवळा पट्टा आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना पिवळी रेघ ही त्याची खूण. मूळ ठिकाण म्हणून नोंद झाली 'बॉम्बे घाट्स'. एवढेच. कोणता घाट? खंडाळ्याचा, माळशेजचा, कसाऱ्याचा? त्या काळी मुंबईच्या माणसाला 'घाट' म्हटले की पूर्वेकडची सगळी रांग डोळ्यांसमोर येई. आज तेवढ्यावर भागत नाही.

त्याच्या आधी, १८६२ साली, पीटर्स यांनी आणखी एका सापाचे वर्णन केले होते : युरोपेल्टिस मॅक्रोलेपिस, मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या. इंग्रजीत याला बॉम्बे शील्डटेल म्हणतात. फिप्सनचा आणि हा, दोघे बघायला इतके सारखे की नवख्याला वेगळे करता येत नाहीत. ओळखायची रीत सांगतो. साप किंवा नमुना पालथा धरायचा. डोके आणि शेपटी यांच्या बरोबर मध्यावर एक टाचणी टेकवायची. पोटाच्या खवल्यांच्या एका बाजूपासून सुरुवात करून पाठीवरून तिरके जात दुसऱ्या बाजूपर्यंत खवल्यांच्या ओळी मोजायच्या. एकदा मोजून भागत नाही. उलट दिशेने पुन्हा मोजायच्या. मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्यात १५ ओळी भरतात, फिप्सनच्या खापरखवल्यात १७. अंग तेवढेच, ओळी दोन कमी, म्हणून खवला मोठा. पोटावरचे खवलेही हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत एकेक करून मोजतात; फिप्सनच्यात ते जास्त. ही मोजणी कंटाळवाणी वाटेल. पण रंग अर्कात उडून जातो, लांबी वयाप्रमाणे बदलते. खवल्यांच्या ओळी मात्र जन्मभर त्याच राहतात आणि दीडशे वर्षांच्या नमुन्यावरही मोजता येतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी रंग सांगायच्या आधी टाचणी हातात देत असे.

१९५५ साली सोसायटीच्याच व्ही. के. चारी यांनी महाबळेश्वरच्या खापरखवल्याला मोठ्या खवल्यांच्या जातीची उपजाती म्हणून नाव दिले. तो निबंध सोसायटीच्या जर्नलमध्ये आहे, जेमतेम दोन पानांचा. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा आशय असा की एका पठारावरचे साप दुसऱ्या डोंगरावरच्या सापांहून वेगळे दिसतात, आणि हा वेगळेपणा नोंदवण्याजोगा आहे. पठाराचे नाव सापाच्या नावात आले आणि या वेळी ते बरोबर होते.

आता रेणूंचा काळ. १९९० साली गान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खापरखवल्यांच्या रक्तातली आणि पेशींतली प्रथिने तुलनेसाठी वापरली. २००४ साली 'सायन्स'मध्ये सह्याद्री आणि श्रीलंका यांच्या जैवविविधतेवर एक मोठा अभ्यास आला. त्यात बेडूक, खेकडे, मासे यांच्याबरोबर खापरखवल्यांचाही डीएनए होता. दोन्हींतून निघालेला अर्थ एकच : श्रीलंकेतले खापरखवले एकमेकांचे सख्खे, त्यांचा एक वेगळा गोतावळा. भारतातले त्यांचे चुलत. बर्फयुगांत समुद्र उतरला की पाल्कची सामुद्रधुनी कोरडी पडे, भारत आणि लंका जोडले जात. प्राणी ये-जा करीत असतील असे आपण गृहीत धरतो. यांनी फारशी केली नाही. जमीन होती, पण ओल्या डोंगरी मातीचा सलग पट्टा नव्हता, आणि कोरडे मैदान ओलांडणे हा या सापांच्या दृष्टीने मोठा अडसर.

याचा परिणाम वर्गीकरणावर थेट झाला. पूर्वी शेपटीच्या आकारावरून प्रजाती ठरत. शेपटी तिरकी छाटलेली आणि चपटी तर युरोपेल्टिस, टोकाला एकच मोठी घुमटासारखी ढाल आणि नाक टोकदार तर ऱ्हिनोफिस. श्रीलंकेत दोन्ही प्रकारच्या शेपट्या सापडत, म्हणून तिथे दोन्ही प्रजाती मानल्या जात. डीएनए सांगत होता की लंकेतले दोन्ही प्रकार एकाच घरातले आहेत. शेवटी श्रीलंकेतल्या सगळ्या जाती ऱ्हिनोफिसमध्ये गेल्या; ज्याला फिलिपाइन्सचे नाव होते तो सुद्धा. २०१६ साली अलेक्झांडर पायरन, एस. आर. गणेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या कुळाची सूची नव्याने मांडली, ती या बदलांसह. शेपटीची ढाल हे हत्यार, आणि हत्यार गरजेप्रमाणे घडते. त्यावरून घराणे ठरवणे चुकले होते. पत्ता मात्र खरे बोलत होता.

माझे म्हणणे या ठिकाणी स्पष्ट करतो. जो प्राणी फारसा हलत नाही, दरी ओलांडत नाही, मैदान ओलांडत नाही, त्याच्या बाबतीत ठिकाण ही नुसती माहिती नसते. ते त्याचे वैशिष्ट्यच असते. चित्ता कुठे मारला यावरून तो चित्ता आहे की नाही हे ठरत नाही. खापरखवल्याच्या बाबतीत कोणता डोंगर, कोणता उतार, किती उंची हे खवल्यांच्या ओळींइतकेच मोलाचे आहे. नोंदीत ते नसेल तर नमुना अर्धाच उरतो.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणे याला पुरेशी आहेत. गुंथर यांनी १८६४ साली युरोपेल्टिस बायकॅटेनाटा या जातीचे वर्णन केले. ठिकाण लिहिले होते 'दख्खन'. इतक्या मोघम पत्त्यावरच्या सापाला पुढच्या सूचीकारांनी दुसऱ्या जातीत मिसळून टाकले आणि ती नाहीशी झाली. २००८ साली डेव्हिड गोवर, अशोक कॅप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने उत्तर सह्याद्रीतले साप आणि लंडनमधले जुने नमुने समोरासमोर ठेवले आणि ती जात वेगळी आहे हे दाखवून दिले. सुमारे दीड शतकाने तिला पुन्हा स्वतःचे स्थान मिळाले. तिला गाडून टाकण्यात खवल्यांच्या सारखेपणाचा जेवढा वाटा होता, तेवढाच त्या 'दख्खन' या शब्दाचाही असणार असे मला वाटते.

दुसरे उदाहरण मेलॅनोफिडियम प्रजातीचे. हे काळेभोर, गुळगुळीत साप; शेपटीला ढाल नाही आणि हनुवटीखाली खवल्यांच्या मध्ये एक घळ. बेडम यांनी १८७१ साली यांतल्या एका दक्षिणेकडच्या जातीचे वर्णन केले होते. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातल्या सापांनाही तेच नाव लावले जाई. २०१६ साली गोवर, वरद गिरी, कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी दाखवले की उत्तरेकडचा हा साप वेगळी जात आहे, आणि तिला मेलॅनोफिडियम खैरेई हे नाव दिले. कात्रजच्या सर्पोद्यानाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ. एका मराठी माणसाच्या सर्पप्रेमाची अशी नोंद व्हावी याचा मला मनापासून आनंद आहे. फिप्सन ते खैरे हा प्रवास सव्वाशे वर्षांचा. पहिल्या नावाच्या वेळी साप इथला, अभ्यासक तिथले. दुसऱ्याच्या वेळी अभ्यासकांत निम्मे इथले.

आणि आता आपला डोंगर. बोरिवली, मुलुंड, ठाणे यांच्या मधला हा डोंगर साष्टी बेटावर आहे. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बेटाच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, बाकी समुद्र. पलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग, आणि मध्ये कल्याण-भिवंडीचा सखल पट्टा. आपण ज्या खापरखवल्यांना सह्याद्रीतल्या जातींची नावे देतो ते या बेटावर, पाण्याने आणि मैदानाने वेगळे होऊन राहतात. खाडीचे पाणी तसे नवे आहे; सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता, तेव्हा इथे खाडी नव्हती. पण पाल्कच्या सामुद्रधुनीने दाखवून दिलेच आहे की समुद्र हटला म्हणून खापरखवल्या चालत निघत नाही. मध्ये सावलीची, ओली, भुसभुशीत माती लागते. म्हणून साष्टीतल्या आणि खंडाळ्याच्या खापरखवल्यांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून पाहणे हे मला अत्यंत निकडीचे काम वाटते. ते एकच निघाले तर कधीतरी या सखल पट्ट्यात सलग जंगल होते याचा तो पुरावा ठरेल. वेगळे निघाले तर मुंबई महानगराच्या हद्दीत स्वतःचा साप आहे असे म्हणावे लागेल. दोन्ही उत्तरे मोलाची आहेत.

हे काम अवघड का आहे? जुने नमुने बहुधा फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेले; त्यातून चांगला डीएनए मिळणे कष्टाचे. नवे नमुने घ्यायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण एक मार्ग असा आहे की ज्यासाठी एकही साप मारावा लागत नाही. दर पावसाळ्यात रस्त्यावर चिरडलेले खापरखवले सापडतात. उपनगरांत सर्पमित्रांचे मोठे जाळे आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत फोन केला की कोणीतरी पोहोचते. मेलेला साप फेकून न देता, तो कुठे मिळाला याच्या अचूक नोंदीसह वनखात्यामार्फत संस्थेपर्यंत पोहोचला, तर पाच-दहा वर्षांत साष्टीच्या खापरखवल्यांचा अभ्यास उभा राहू शकतो. जिवंत असेल तर फोटो घ्यावा : डोके वरून आणि बाजूने, शेपटीचे टोक, पोट. आणि साप जिथे मिळाला तिथेच, ओल्या सावलीत सोडावा. दुसऱ्या डोंगरावर नेऊन सोडणे हे दयेचे काम वाटते, पण त्यात त्या सापाचा पत्ता पुसला जातो आणि तिथल्या सापांचाही गोंधळ होतो.

उपनगरात आणखी एक धोका आहे, तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गृहसंकुलांच्या बागांसाठी लाल माती ट्रकने येते, रोपवाटिकांतून कुंड्या येतात. त्या मातीबरोबर मातीतले प्राणीही येतात. छोटा वाळा याच वाटेने जगभर पसरला; त्याच्यात नर नसतात, एकटी मादी कुंडीतून गेली तरी नव्या देशात वस्ती होते. खापरखवल्या तसा पसरत नाही, त्याला नर-मादी दोन्ही लागतात आणि त्याची माती ठरावीक लागते. पण घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या बागेत खापरखवल्या मिळाला, तर तो डोंगराचा मूळचा रहिवासी की कुठल्याशा घाटातून मातीबरोबर आलेला, हे विचारल्याशिवाय नोंद करता येणार नाही. बागेची माती केव्हा आणि कुठून आली हे माळ्याला विचारावे आणि सापाच्या नोंदीत ते लिहावे. कुव्हिएंच्या बरणीच्या बाबतीत जे झाले ते आपल्या डोळ्यांदेखत, टेम्पोतून होऊ शकते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी भिंग, टाचणी आणि राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा इथे टेबलावर ठेवतो आहे. आपल्यापैकी ज्यांना येऊर, आरे किंवा कान्हेरीच्या वाटेवर हा साप दिसलेला आहे, त्यांनी नकाशावर जागा दाखवावी आणि साल सांगावे. मी लिहून घेतो.